चालत्या चित्रातून माणूस वेगळा करणारे सॉफ्टवेअर: शूटिंगवाल्यांनी घ्यावे की थांबावे?

समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे जाणारे रस्ते जिथे फुटतात ते जाम याच तालुक्यात आहे. कापसाची मोठी बाजारपेठ असलेले हिंगणघाट शेजारीच. अशा गावात शेतमालाचा व्यापार, किराणा, कापड, वेल्डिंग, फर्निचर हे धंदे आहेतच; पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यात एका नव्या हुनराची भर पडली आहे. तो म्हणजे लग्नाचे शूटिंग आणि मिक्सिंग. विदर्भातल्या लहान गावांत या धंद्यात आपल्या समाजातील होतकरू मुलेही आहेत. एक कॅमेरा, एक संगणक आणि दोन-तीन पोरे एवढ्या भांडवलावर घर चालते.

या धंद्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात, ती आली आहे. चालत्या व्हिडिओतून नवरदेव, घोडा, गाडी किंवा कोणतीही हलती वस्तू काही क्लिकमध्ये कापून वेगळी करता येते, मागचे दृश्य बदलता येते, नको असलेला माणूस झाकता येतो. जाहिराती सांगतात की आता कारागिराची गरजच उरली नाही. ही गोष्ट कितपत खरी आहे, यात पैसा किती आणि धोका कोणता, आणि समुद्रपूरसारख्या गावातल्या शूटिंगवाल्याने काय करावे, याचा आम्ही या लेखात विचार करणार आहोत.

काम नेमके काय आहे?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. आपल्याकडे नेहमीच्या शूटिंगमध्ये एका सेकंदाला २५ चित्रे असतात. त्यांना फ्रेम म्हणतात. दहा सेकंदांचा तुकडा म्हणजे २५० फ्रेम, एक मिनिट म्हणजे १,५०० फ्रेम आणि तीन मिनिटांचे एक गाणे म्हणजे ४,५०० फ्रेम. कॅमेरा ५० फ्रेमवर लावला असेल तर हाच आकडा दुप्पट होतो.

एका कापडावरचे नक्षीचे फूल कात्रीने कापून दुसऱ्या कापडावर बसवायचे असेल तर शिलाई कारागीर ते सहज करतो. पण तेच फूल ४,५०० कापडांवर असेल, प्रत्येक कापडावर ते थोडे सरकलेले, थोडे वळलेले असेल आणि त्याच्या कडेला केसांसारखे धागे सुटलेले असतील, तर? व्हिडिओतून माणूस कापून काढणे हे असे काम आहे. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्या कडेने रेघ ओढायची. रेघ एका फ्रेममध्ये केसभर आत आणि पुढच्या फ्रेममध्ये केसभर बाहेर गेली की पडद्यावर कडा थरथरताना दिसते आणि पाहणाऱ्याला लगेच खोटेपणा कळतो. या कामाला सिनेमाच्या धंद्यात रोटोस्कोपी किंवा नुसते रोटो म्हणतात. अवघड दृश्य असेल तर चांगल्या कारागिराच्याही हातून दिवसभरात थोड्याच फ्रेम पूर्ण होतात.

शंभर वर्षांचा हुनर

हा हुनर आजचा नाही. अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ साली रोटोस्कोप यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ साली ते त्यांना मिळाले. चित्रित केलेला माणूस एकेक फ्रेम काचेवर पाडायचा आणि त्यावरून रेघ ओढायची, अशी ती रीत होती.

आपल्या मुंबईतही युक्त्या करणारे उस्ताद होते. बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’ या चित्रपटात काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवला होता. काळ्या पडद्यापुढे काळा दोरा दिसत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर ती करामत उभी होती.

१९४० सालच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात निळ्या पडद्याचा उपयोग झाला आणि त्याच्या खास दृश्यांना ऑस्कर मिळाले. त्यात मुख्य काम करणारा साबू हा म्हैसूर भागातील माहुताचा मुलगा होता. माणसाला एकरंगी पडद्यापुढे उभे करायचे आणि नंतर तो रंग तेवढा काढून टाकायचा, ही रीत पुढे जगभर चालली. टीव्हीच्या काळात निळ्याबरोबर हिरवा पडदा आला. आपले मिक्सिंगवाले त्याला क्रोमा म्हणतात.

क्रोमाची अडचण शूटिंगवाल्यांना सांगायला नको. मेहंदीच्या कार्यक्रमात हिरवे कपडे असतात. हिरव्या पडद्यापुढे हिरवी ओढणी घेतलेली मुलगी उभी राहिली की पडद्याबरोबर ओढणीही गायब होते. शिवाय खऱ्या लग्नात, मांडवात, रस्त्यावरच्या बरातीत पडदा लावणार कोठे? तिथे हाताने कापण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि हाताचे काम लग्नाच्या बजेटमध्ये बसत नव्हते. म्हणूनच लहान गावात हे काम जवळजवळ कोणी करत नव्हते.

मुंबईतला रोटोचा बाजार

मोठ्या चित्रपटांना मात्र हे काम लागतेच, आणि त्यातील बराच वाटा भारताकडे आला. नमित मल्होत्रा यांनी १९९७ साली मुंबईत प्राइम फोकस ही कंपनी सुरू केली. हॉलिवूडचे साधे चित्रपट त्रिमितीत करण्याची लाट आली तेव्हा या कंपनीने २०१० चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ आणि २०१२ मध्ये पुन्हा प्रदर्शित झालेला ‘स्टार वॉर्स’चा पहिला भाग यांचे रूपांतर केले. त्रिमितीसाठी पडद्यावरची प्रत्येक वस्तू वेगळी कापावी लागते. म्हणजे हजारो हातांचे काम. २०१४ मध्ये प्राइम फोकस आणि लंडनची डबल निगेटिव्ह कंपनी एकत्र आल्या.

या बाजारात मुंबई, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई या शहरांत असंख्य मुलांनी रोटो शिकून रोजी मिळवली. सिनेमाच्या संगणकी कामात शिरण्याचे हे पहिले दार समजले जाते. शागीर्द आधी रोटो करतो, नजर तयार होते, मग तो पुढचे मिश्रणाचे काम शिकतो. संगणकाने पहिला हात याच दारावर घातला आहे. ही बाब पालकांनी लक्षात घ्यावी, कारण वर्षभराची फी भरून केवळ हाताने रोटो शिकवणारे वर्ग अजूनही जाहिरात करताना दिसतात.

मात्र प्रत्येक नोकरी एआयने खाल्ली असे म्हणणेही बरोबर नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला आणि त्याच्या एमपीसी व द मिल या नावांखाली भारतात काम करणाऱ्या हजारो लोकांवर संकट आले. त्यामागे कोरोनानंतर न सावरलेला धंदा, वाढलेला खर्च आणि २०२३ मध्ये हॉलिवूडमध्ये झालेला लेखकांचा संप ही कारणे कंपनीनेच दिली होती. परक्या देशातल्या संपाचा फटका मुंबईतल्या पोराच्या पगाराला बसतो, हा यातला धडा आहे. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून असलेला धंदा, मग तो कापसाचा असो की रोटोचा, नेहमी डळमळीतच असतो.

नवे सॉफ्टवेअर काय करते?

अडोबी कंपनीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये रोटो ब्रश हे साधन २०१० साली आले. तेव्हा ते रंगातील फरक पाहून कडा शोधत असे आणि वारंवार चुकत असे. २०२० आणि २०२३ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या, त्यांत शिकलेल्या यंत्राचा वापर झाला. ब्लॅकमॅजिक कंपनीच्या दा विंची रिझॉल्व्हमध्ये मॅजिक मास्क हे साधन २०२० पासून आहे.

जुलै २०२४ मध्ये मेटा कंपनीने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, सॅम-२ नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. सुमारे ५१ हजार व्हिडिओंवर तिला शिकवण्यात आले होते. व्हिडिओतील एका फ्रेममध्ये आपण वस्तूवर क्लिक करायचे. ती वस्तू कोठून कोठपर्यंत आहे हे प्रणाली ओळखते आणि पुढच्या फ्रेमांमध्ये तिचा माग काढत जाते. मागच्या फ्रेम ती ध्यानात ठेवते, त्यामुळे घोड्यापुढून बँडवाला आडवा गेला तरी घोडा पुन्हा दिसताच ती त्याला बहुतेक वेळा ओळखते. २०२५ मध्ये आलेल्या सॅम-३ मध्ये तर वस्तूचे नाव टाइप केले तरी ती शोधली जाते.

हे सॉफ्टवेअर मोठ्या चित्रपटांत कसे वापरले गेले त्याचे उदाहरण देण्यासारखे आहे. २०२२ चा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’ हा चित्रपट सात ऑस्कर घेऊन गेला. त्यातील बहुतेक दृश्य करामती सुमारे पाच जणांच्या लहान गटाने केल्या. त्यांपैकी इव्हान हॅलेक यांनी एका दृश्यातील दगड पार्श्वभूमीतून वेगळे करण्यासाठी रनवे या कंपनीचे एआय साधन वापरले. लहान गटाला मोठे काम करता येते, हे त्यावरून दिसते. पण तो गट मुळात हुनर जाणणारा होता, हेही विसरू नये.

यंत्र कोठे चुकते?

आपल्या लग्नांत यंत्राला अडचणीत टाकणाऱ्या गोष्टी भरपूर असतात.

पहिली म्हणजे सेहरा. फुलांच्या लडींमधून चेहरा अर्धवट दिसतो आणि प्रत्येक लड वेगळी हलते. दुसरी जाळीदार ओढणी. तिच्यातून मागचे दृश्य दिसते. ती पूर्ण ठेवावी तर मागचा जुना रंग चिकटून येतो, काढावी तर ओढणीच जाते. मोकळे केस आणि दाढीची कड हीसुद्धा याच जातीची अडचण. सॅमसारखी प्रणाली वस्तूचा आकार चांगला ओळखते, पण अर्धपारदर्शक कडांसाठी वेगळे बारीक काम करावेच लागते. तिसरी गोष्ट गर्दी. बरातीत एकाच रंगाचे फेटे बांधलेले दहा जण नाचत असतील तर यंत्र एकाचा हात दुसऱ्याला जोडते. चौथी धूर. मांडवात धुराचे यंत्र लावले की कड नावाची गोष्टच राहत नाही.

याच तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि तिथे सर्व धर्मांचे लोक येतात. अशा ठिकाणच्या गर्दीत कोणी ‘आमचेच कुटुंब तेवढे ठेवा, बाकी लोक काढून टाका’ असे सांगितले तर यंत्राची खरी परीक्षा होते. माणूस कापून काढला तरी त्याच्या जागी जे भोक पडते ते कशाने भरायचे? मागे काय होते हे कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसते. यंत्र अंदाजाने भरते, आणि तो अंदाज दगडी पायरीच्या जागी लोण्यासारखी पायरी काढून देतो.

सावलीचेही तसेच. नवरदेव कापून ताजमहालापुढे उभा केला आणि त्याच्या पायाखाली सावली नसेल, किंवा एकावर उजवीकडून आणि दुसऱ्यावर डावीकडून ऊन असेल, तर तो हवेत तरंगल्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण ‘काहीतरी नकली वाटते’ एवढे तो नक्की म्हणतो.

शूटिंगच्या वेळीच अर्धे काम

चांगला सुतार लाकूड निवडतानाच अर्धे काम करतो. इथेही तसेच आहे. ज्या तुकड्यातून पुढे माणूस कापायचा आहे तो घेताना पुढील काळजी घ्यावी.

१. कॅमेरा स्टँडवर ठेवावा. हातातला कॅमेरा हलला की मागचे सगळे हलते.

२. माणसे येण्यापूर्वी रिकाम्या मंचाचे दहा सेकंद शूटिंग करून ठेवावे. नको असलेला माणूस काढल्यावर पडणारी जागा याच रिकाम्या दृश्याने भरता येते. याला एक पैसाही लागत नाही.

३. माणूस आणि मागचा पडदा यांत निदान पाच-सहा फुटांचे अंतर ठेवावे आणि मागून थोडा उजेड द्यावा. कड उठून दिसते.

४. काळी शेरवानी असेल तर मागे काळा पडदा नको. मेहंदीत हिरवा नको.

५. वेगाने फिरणारे हात पुसट येतात, म्हणून अशा तुकड्यासाठी शटरचा वेग थोडा वाढवावा. त्यासाठी उजेडही जास्त लागेल.

६. रेकॉर्डिंग शक्य तेवढ्या चांगल्या दर्जावर करावे. मोबाइलवरून मोबाइलवर आलेला, दाबून लहान केलेला व्हिडिओ कापायला सर्वांत वाईट.

कोणते साधन, किती खर्च?

साधने तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार: स्वतःच्या संगणकावर चालणारे तयार सॉफ्टवेअर. दा विंची रिझॉल्व्हची साधी आवृत्ती फुकट मिळते, मिक्सिंग आणि रंग दुरुस्ती शिकायला ती पुरेशी आहे. मॅजिक मास्क मात्र पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. तिची किंमत अनेक वर्षे २९५ डॉलर राहिली आहे आणि ती एकदाच भरावी लागते. आफ्टर इफेक्ट्सला दरमहा किंवा दरवर्षी भाडे द्यावे लागते. भाडे थांबले की काम थांबले. ज्याचा हंगाम वर्षातून पाच-सहा महिन्यांचा, त्याने हा फरक नीट मोजावा.

दुसरा प्रकार: खुल्या प्रणाली. सॅम-२ फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. पण ती चालवायला थोडे संगणकाचे ज्ञान लागते. गावात संगणक शिकलेला एखादा मुलगा असेल तर त्याला भागीदार करून घेणे हा चांगला मार्ग आहे.

तिसरा प्रकार: इंटरनेटवर व्हिडिओ चढवून तिथेच कापून घेण्याच्या सेवा. यांना भारी संगणक लागत नाही, सुरुवात फुकट असते आणि मग मिनिटांप्रमाणे पैसे लागतात. हा मार्ग सर्वांत सोपा, पण त्यात एक मोठा प्रश्न आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पहिल्या दोन प्रकारांना चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. निदान आठ जीबी मेमरीचे असावे. खरा खर्च तोच आहे. चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. त्यात व्हायरस येतो, आणि गिऱ्हाइकाचे काम बुडते. शिवाय दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी ती चोरीच.

हिशेब कसा करावा?

जाहिरातीत ‘एका क्लिकमध्ये’ असे म्हटलेले असते. क्लिक एकच असते, पण दुरुस्ती किती याचा हिशेब त्यात नसतो. म्हणून आमची सूचना अशी, की पैसे गुंतवण्यापूर्वी आपल्याच जुन्या शूटिंगमधून दहा-दहा सेकंदांचे चार तुकडे काढावेत: एक मंचावर शांत बसलेल्या नवरदेवाचा, एक सेहऱ्याचा, एक ओढणीचा आणि एक बरातीचा. एकाच सॉफ्टवेअरवर चारही कापून पाहावेत आणि घड्याळ लावून एकूण वेळ लिहावा. यंत्राचाही आणि हाताने केलेल्या दुरुस्तीचाही.

समजा, शांत बसलेल्या नवरदेवाला वीस मिनिटे लागली आणि बरातीला चार तास. मग गिऱ्हाइकाला कोणते काम कोणत्या भावात द्यायचे हे आपोआप कळते. पहिले काम लग्नाच्या पॅकेजमध्ये घालता येईल. दुसऱ्याचा वेगळा भाव सांगावा किंवा स्पष्ट नाही म्हणावे. शेजारच्या स्टुडिओने फुकट देतो म्हटले म्हणून आपणही फुकट देऊ लागलो, तर यंत्राचा सगळा फायदा गिऱ्हाइकाकडे आणि सगळे कष्ट आपल्याकडे राहतील. व्हिडिओ अल्बम, ड्रोन, एलईडी पडदा या प्रत्येक नव्या गोष्टीत हेच घडले: पहिल्या वर्षी तिचा भाव मिळाला, नंतर ती पॅकेजमध्ये फुकट गेली. म्हणून यंत्रापेक्षा आपल्या नजरेचा आणि सफाईचा भाव लावायला शिकावे.

कर्जाबाबतही घाई नको. आधी काम, मग कार्ड. ज्यांना भांडवल हवेच आहे त्यांनी वर्धा येथील जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ साली सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २० लाख रुपये करण्यात आली होती. अल्पसंख्याकांचा समावेश खास गटात करून त्यांना ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान, आणि स्वतःचा वाटा ५ टक्के, असे त्यावेळचे नियम होते. बाकीची रक्कम बँकेचे कर्ज असते, हे ध्यानात ठेवावे. योजना आणि नियम बदलत असतात. अर्जापूर्वी चालू नियम कार्यालयातूनच समजून घ्यावेत, दलालाकडून नव्हे.

शूटिंगशिवाय आणखी कोणाला उपयोग?

या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशी नावाजलेली वस्तू शेजारी असताना तिची साधी, नेटकी जाहिरात करणारे हात गावातच का नसावेत? हळद दळतानाचा, पोत्यात भरतानाचा वीस सेकंदांचा तुकडा घेऊन मागचा पसारा काढून टाकला आणि दुकानाचे नाव घातले, की व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासारखी जाहिरात तयार होते. सोफा बनवणारे, कपाट बनवणारे, शेतीची अवजारे जोडणारे, बेकरीवाले या सर्वांना अशा तुकड्यांची गरज आहे. लग्नाचा हंगाम संपल्यावरच्या महिन्यांत शूटिंगवाल्याला हा जोडधंदा होऊ शकतो.

यात एक मर्यादा पाळावी. मागचा पसारा काढणे ही सजावट झाली. पण मालच दुसरा दाखवणे ही फसवणूक. साध्या लाकडाला सागवान दाखवले, किंवा दुसऱ्याच्या गोदामापुढे आपले नाव लावले, तर गिऱ्हाईक एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. वजनकाट्यात जी इमानदारी लागते तीच चित्रात लागते.

लोकांची अमानत

आता मघाशी राहिलेला प्रश्न. लग्नाचे शूटिंग म्हणजे दुसऱ्याच्या घरातली अमानत असते. आपल्या घरांत स्त्रियांच्या बाजूचे शूटिंग कोणी करावे, कोणाला दाखवावे याचे नियम घरोघरी पाळले जातात. पुष्कळ कुटुंबे ओळखीच्या शूटिंगवाल्याला काम देतात ते त्याच्या कॅमेऱ्यासाठी नव्हे, त्याच्यावरच्या विश्वासासाठी. तोच व्हिडिओ इंटरनेटवरच्या सेवेवर चढवला की तो कोठल्या तरी दूरच्या देशातल्या संगणकावर जातो. तो किती दिवस तिथे राहतो, त्यावरून आणखी यंत्रे शिकवली जातात का, हे त्या सेवेच्या अटींत लिहिलेले असते, आणि त्या अटी वाचतो कोण?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की घरच्या, विशेषतः स्त्रियांच्या कार्यक्रमाचे शूटिंग इंटरनेटवरच्या सेवेवर चढवूच नये. ते काम स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरच करावे. थोडा खर्च जास्त होईल, पण विश्वास गेला तर दुकानच जाईल. देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि त्याचा गाभा संमती हाच आहे. काम घेतानाच्या पावतीवर तीन ओळी छापून घ्याव्यात: शूटिंग कोठे ठेवले जाईल, किती महिन्यांनी पुसले जाईल, आणि नमुना म्हणून दाखवायला परवानगी आहे की नाही. खाली सही घ्यावी.

याच यंत्राची एक चांगली बाजूही आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. जे सॉफ्टवेअर माणूस कापून काढते तेच त्याला झाकूही शकते. एखाद्या पाहुण्या बाईने ‘मला व्हिडिओत यायचे नाही’ असे सांगितले, तर पूर्वी तो सबंध तुकडाच टाकून द्यावा लागे, मग त्यात नवरीच्या आईचे रडणे असो की आजीची दुआ. आता त्या बाईवर एक क्लिक करून ती पुढे जाईल तशी तिची आकृती पुसट करता येते आणि बाकीचे दृश्य वाचते. मात्र यंत्र एखाद्या फ्रेममध्ये चुकले तर चेहरा क्षणभर उघडा दिसतो. म्हणून असे काम फ्रेम-फ्रेम तपासल्याशिवाय देऊ नये. सजावटीत चूक झाली तर गिऱ्हाईक हसेल. इथे चूक झाली तर कोणाचा तरी शब्द मोडेल.

उलट बाजूची कामेही येतील. भांडण झालेल्या जावयाला व्हिडिओतून काढा, न आलेल्या पुढाऱ्याला मंचावर बसवा, एकाचा चेहरा दुसऱ्या ठिकाणी लावा. घरचे स्मरण नीटनेटके करणे वेगळे आणि घडले नाही ते घडले असे दाखवणे वेगळे. निवडणुकीच्या दिवसांत अशा कामाला पैसे चांगले मिळतील, पण एका खोट्या तुकड्याने गावात काय पेटू शकते हे आपल्याला माहीत आहे. असे काम कितीही भावाने आले तरी परत पाठवावे. त्या पैशात बरकत नाही आणि पोलीस ठाण्याच्या चकरा वेगळ्याच.

मग करावे काय?

ज्यांचे दुकान चालू आहे त्यांनी आहे त्या संगणकावर फुकट आवृत्त्या वापरून यंदाच्या पावसाळ्यात, हंगाम नसताना, शिकून घ्यावे. चार तुकड्यांची परीक्षा करावी. हंगामात तीन-चार कामांवर त्याचा भाव मिळाला तर मग ग्राफिक्स कार्ड आणि स्टुडिओ आवृत्ती घ्यावी. एकट्याला परवडत नसेल तर समुद्रपूर-हिंगणघाट भागातल्या दोन-तीन स्टुडिओवाल्यांनी मिळून एकच चांगला संगणक घ्यावा आणि पाळी लावावी. आटाचक्की जशी सगळ्या गावाची असते तसेच हे आहे.

ज्यांची मुले या धंद्यात शिरू पाहतात त्यांनी केवळ हाताने रोटो शिकवणाऱ्या वर्गाला पैसे देऊ नयेत. उजेड, सावली, रंग, कडा यांची समज देणारे आणि यंत्राच्या चुका दुरुस्त करायला शिकवणारे शिक्षण पाहावे. मोठ्या स्टुडिओंनाही यापुढे रेघ ओढणाऱ्यापेक्षा चूक पकडणाऱ्या माणसाची गरज लागेल, असा आमचा अंदाज आहे. शिवणयंत्र आले तेव्हा सुईने टाके घालणारे हात कमी झाले, पण माप घेणारा आणि कापड बेतणारा शिंपी टिकला. ज्याला केवळ टाका येत होता त्याची अडचण झाली.

सेहऱ्याची लड कोठे संपते आणि दाढीची कड कोठे सुरू होते, आजीची दुआ ठेवायची की काढायची, कोणाला झाकायचे आणि का, हे त्या घराला ओळखणारा माणूसच ठरवू शकतो. यंत्र घ्यावे, पण हा निर्णय यंत्रावर सोडू नये. गावातल्या शूटिंगवाल्याची खरी पुंजी तीच आहे, आणि मुंबईच्या मोठ्या स्टुडिओकडेही ती नाही.